अनोळखी चाफ्याची ओळख

देवचाफ्याची फांदी ही मोठी मुकी वस्तु आहे. गुलाबाच्या फांदीवर कांटे असतात, तुळशीची काडी चुरगाळली तर वास येतो, आंब्याच्या कोयीवरूनसुद्धां जाणता माणूस कांहीं अंदाज बांधतो. पण उन्हाळ्याच्या तोंडीं तोडलेली, पानें झडून गेलेली चाफ्याची कांडी पाहावी, तर ती राखी रंगाची, बोथट टोंकाची एक काठी! तिच्यांतून पांढरीं फुलें निघणार कीं तांबडीं, ती कोणाच्या दारच्या झाडाची, तिचें नांव काय, यांतील एकाही प्रश्नाला ती काठी उत्तर देत नाहीं. आणि चाफा तर बहुधा असाच, काठीच्या रूपानें एका घरून दुसऱ्या घरीं जातो.

परभणी जिल्ह्यांतील सेलू हें दुधना नदीच्या खोऱ्यांतील, मनमाड-काचीगुडा लोहमार्गावरचें बाजारपेठेचें गांव. तेथील एका घराचें उदाहरण घ्यावें. घरचा जुना वाडा पाडावयाचा ठरला. परसांत सासूबाईंच्या हातचा देवचाफा होता. झाड वांचविणें शक्य नव्हतें. घरच्या आजीबाईंनीं नातवाला एवढेंच सांगितलें, "झाड जाऊं दे बाबा, पण त्याचा वंश राहूं दे." नातवानें दोन फांद्या तोडून ओट्यावर ठेविल्या. त्याच ओट्यावर परभणीच्या एका आप्तानें दिलेल्या दोन व रोपवाटिकेंतून आणलेल्या दोन कांड्या अगोदरच सुकत पडल्या होत्या. झाडलोट करतांना गड्यानें साऱ्या कांड्या एकत्र करून सुतळीनें बांधल्या. संध्याकाळीं पाहतात तों सहा काठ्या, तीन झाडें, आणि चिठ्ठी एकीवरही नाहीं. वाड्याचें झाड तर त्याच दिवशीं दुपारीं पडलें होतें. आतां सासूबाईंचा चाफा यांतला कोणता?

हा प्रश्न एका घराचा असला तरी चाफा लावणाऱ्या पुष्कळांना तो पडतो. त्याचें उत्तर कसें शोधावें, तें क्रमानें पाहूं.

प्रथम 'चाफा' या शब्दाचाच उलगडा केला पाहिजे. या एका नांवाखालीं मराठींत निरनिराळ्या कुळांतील झाडें नांदतात. सोनचाफा व मोठ्या पांढऱ्या फुलांचा कवठी चाफा हे एका कुळांतले. हिरवा चाफा, ज्याच्या फुलाला पिकल्या फळासारखा वास येतो, तो सीताफळाच्या कुळांतला. भुईचाफा तर हळदीच्या कुळांतला. आणि देवचाफा, ज्याला कोठें खुरचाफा, कोठें नुसता पांढरा चाफा, संस्कृतांत क्षीरचंपक आणि हिंदी-उर्दूंत गुलचीन म्हणतात, तो कण्हेरीच्या कुळांतला. तगर, सदाफुली, सातवीण हीं त्याचीं भावंडें. फांदी मोडतांच पांढरा चीक वाहूं लागला तर तो देवचाफ्याचा वंश. चीक नसेल तर तो चाफा दुसरा. हा चीक कित्येकांच्या कातडीला झोंबतो व डोळ्यांत गेल्यास अपाय करतो. म्हणून फांदी तोडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावूं नयेत आणि मुलांना ही परीक्षा स्वतः करूं देऊं नये.

देवळाच्या आवारांत, दर्ग्याच्या अंगणांत व कबरस्तानांत हें झाड इतकें रुळलें आहे कीं तें मूळचें येथलें नाहीं असें सांगितलें तर नवल वाटतें. परंतु त्याचें माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका, वेस्ट इंडीज बेटें व दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हें होय. युरोपीय लोकांचे समुद्रप्रवास सुरू झाल्यानंतर तें आशियांत आलें. शार्ल प्ल्यूमिए (१६४६-१७०४) या फ्रेंच संन्याशी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याच्या वंशाला 'प्लुमेरिया' हें नांव मिळालें व १७५३ सालीं लिनियसनें तें आपल्या ग्रंथांत कायम केलें. आज लाओस देशांत हेंच फूल राष्ट्रीय फूल मानतात, बालींत तें पूजेला लागतें, आणि हवाई बेटांवर त्याचे हार पाहुण्यांच्या गळ्यांत पडतात. थायलंडमध्यें या झाडाचें जुनें नांव दुःखवाचक शब्दाशीं जुळत असल्यामुळें लोक तें घराजवळ लावीत नसत. पुढें त्याला 'लीलावदी', म्हणजे आपली लीलावती, असें नांव मिळालें आणि तें झाड बागांत व अंगणांत मानानें नांदूं लागलें. नांवाचा प्रभाव असा असतो!

आतां कांडीचें महत्त्व काय तें पाहूं. चाफ्याला कधीं कधीं बैलाच्या शिंगांसारखी शेंगांची जोडी लागते व तींत पंख असलेलें बीं असतें. बियांपासून रोप होतें, पण तें आईसारखें निघेलच असें नाहीं. एकाच शेंगेंतील रोपांना निरनिराळ्या रंगांचीं फुलें येऊं शकतात. कांडीचें तसें नाहीं. कांडी म्हणजे त्याच झाडाचा एक तुकडा. तो रुजला कीं जुनें झाडच नव्या जागीं पुन्हां उभें राहिलें असें समजावें. म्हणून वाडा पडला तरी सासूबाईंचा चाफा जिवंत राहूं शकतो. परंतु याच गुणाला दुसरी बाजू आहे. कांडीबरोबर चुकीचें नांव एकदां चिकटलें कीं तें प्रत्येक नव्या कांडीबरोबर पुढें पुढें जातें. आणि दहा घरीं तें चुकीचें नांव पोहोंचलें म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असा भास होतो. वस्तुतः साक्षीदार एकच असतो, आणि तोही चुकलेला.

ओळख पटविण्यासाठीं कांडी प्रथम जगली पाहिजे. दीड-दोन वितींची पक्व कांडी घ्यावी. ती लगेच मातींत न पुरतां आठ ते पंधरा दिवस सावलींत ठेवावी, म्हणजे चीक आटून जखम भरते; ओली जखम मातींत गेली तर कांडी कुजते. लावतांना वरची व खालची बाजू ओळखावी. गळलेल्या पानांचे वण खोडावर असतात आणि प्रत्येक वणाच्या किंचित् वर डोळा असतो. डोळा वणाच्या वर येईल अशीच कांडी उभी करावी. सेलूच्या काळ्या कापसाच्या जमिनींत पाणी फार दिवस राहतें व चाफ्याला तेंच सोसत नाहीं. म्हणून कांडी आधीं कुंडींत, मुरूम व जाडी वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातींत लावावी, आणि पुढें जमिनींत न्यावयाची झाल्यास उंचवटा करून त्यावर लावावी. फाल्गुन-चैत्रांत लावलेली कांडी पावसापूर्वीं मूळ धरते. पानें फुटेपर्यंत पाणी अगदीं बेतानें द्यावें. चाफ्याच्या कांड्या तहानेपेक्षां लोभाच्या पाण्यानेंच अधिक मरतात.

सेलूच्या त्या घरीं नातवानें सहाही कांड्यांना एक ते सहा असे आंकडे दिले, पत्र्याच्या चकत्या कापून त्यांवर खिळ्यानें ते कोरले आणि एक वही घातली. नांव ठाऊक नसेल तेव्हां आंकडा द्यावा. आंकडा खोटें बोलत नाहीं. घाईनें दिलेलें नांव बोलतें.

ओळखीची पहिली पायरी पान. फुलाची वाट पाहण्यास वर्ष-दोन वर्षें लागतात, पण पान पहिल्याच पावसाळ्यांत झाडाची जाति सांगून जातें. आपल्याकडे बागांतून मुख्यतः चार जाति आढळतात.

पहिली प्लुमेरिया रुब्रा. हिचें पान लांब, दोन्ही टोंकांना निमुळतें व पुढें अणकुचीदार. मधल्या शिरेपासून निघालेल्या आडव्या शिरा कडेपर्यंत न जातां, कडेलगत धांवणाऱ्या एका शिरेला मिळतात. पान उजेडाकडे धरलें म्हणजे ही शीर स्पष्ट दिसते. मराठवाड्याच्या हिवाळ्यांत हिचीं पानें झडतात. देवळांतला पिवळ्या गाभ्याचा पांढरा चाफा, तांबडा चाफा, गुलाबी, पिवळा व मिश्र रंगांचे बहुतेक चाफे याच जातींत मोडतात. जुन्या पुस्तकांत पांढऱ्याला 'अक्युटिफोलिया' असें निराळें नांव आढळतें. आतां तो रुब्रांतच धरतात. तेव्हां दोन पुस्तकांत दोन नांवें दिसलीं म्हणून दोन झाडें समजूं नयेत.

दुसरी प्लुमेरिया ऑब्ट्यूसा. हिचें पान गडद, चकचकीत, जाडसर, आणि टोंकाशीं गोल. पाणी मिळत राहिलें तर हिवाळ्यांतही तें बहुधा टिकतें. फूल पांढरें, गाभ्याशीं पिवळा ठिपका लहान. सिंगापुरी पांढरा चाफा म्हणून जो विकतात तो हाच.

तिसरी प्लुमेरिया आल्बा. हिचीं पानें लांब व अरुंद, कडा खालीं वळलेल्या, पाठ लवदार. ही तुलनेनें विरळ. लॅटिनमध्यें 'आल्बा' म्हणजे पांढरी. पण पांढरा चाफा दिसला कीं तो आल्बाच, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक पांढरे चाफे रुब्राचेच असतात.

चौथी प्लुमेरिया प्युडिका. हिचें पान टोंकाकडे फुगून नागाच्या फणीसारखें किंवा पळीसारखें दिसतें. गेल्या कांहीं वर्षांत शहरांच्या बागांत व रस्त्यांच्या कडेला ही फार झाली आहे. फुलें शुभ्र व पुष्कळ, पण वास अगदीं कमी. पानाच्या आकारावरून हिला कोणी नागचाफा म्हणतात. खरा नागचाफा, म्हणजे नागकेशराचा वृक्ष, अगदीं वेगळा.

या जातींचे आपसांत संकरही झालेले आहेत. म्हणून एखादें पान दोहोंच्या मधलें दिसलें तर ओढून-ताणून तें एका खणांत बसवूं नये. 'मधलें' असेंच लिहावें. शिवाय पावसाळ्याच्या अखेरीस पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटीसारखा तांबेरा पडतो व पानें अकालीं गळतात. ती रोगाची खूण आहे, वाणाची नव्हे.

सेलूच्या वहींत पहिल्या पावसाळ्यांतच दोन आंकडे निकालांत निघाले. दुसऱ्या व पांचव्या कांडीचीं पानें गोल टोंकाचीं व चकचकीत आलीं. वाड्याचा चाफा दर हिवाळ्यांत उघडाबोडका होत असे हें सर्वांना ठाऊक होतें. त्याचीं पानें टोंकदार असत, हेंही आजींना आठवत होतें. रोपवाटिकेच्या कांड्या त्या ह्याच, असा तर्क झाला. उरल्या चार.

दुसरी पायरी खोड व ठेवण. कांडी जाड कीं सडपातळ, साल राखी कीं हिरवट, वण दाट कीं विरळ, कोंवळा शेंडा हिरवा कीं तांबूस, देंठावर तांबडी छटा आहे कीं नाहीं, हें सारें टिपावें. चाफ्याच्या फुलांचा गुच्छ फांदीच्या शेंड्यावर येतो व त्यानंतर त्या फांदीला खालून दोन-तीन फांटे फुटतात. म्हणून बेचकें असलेली कांडी बहुधा पूर्वीं फुललेल्या फांदीची असते. मात्र शेंडा मोडला तरीही फांटे फुटतात, हें विसरूं नये. या खुणा पुरावा म्हणून दुबळ्या खऱ्या, पण दोन झाडें वेगळीं आहेत हें दाखविण्यास त्या पुष्कळदां पुरतात. चारांपैकीं पहिल्या व सहाव्या कांडीचे शेंडे तांबूस निघाले. तिसरीचे व चवथीचे हिरवे. जोड्या लागल्या, पण कोणती जोडी कोणाची हें कळेना.

तिसरी पायरी फूल. येथें घाई फार होते, म्हणून काय पाहावें तें नीट सांगितलें पाहिजे. पूर्ण उमललेलें, त्याच सकाळचें फूल घ्यावें. पट्टीनें त्याची रुंदी मोजावी. पाकळी रुंद कीं अरुंद, टोंक गोल कीं निमुळतें, कडा सरळ कीं मुरडलेल्या, पाकळ्या एकमेकींवर किती चढलेल्या, हें लिहावें. रंग पुढून पाहावा तसाच पाठीमागूनही पाहावा. पांढऱ्या चाफ्याच्या पाकळीच्या पाठीवर पुष्कळदां गुलाबी रेघ असते व ती पुढून दिसत नाहीं. पिवळा गाभा पाकळीच्या कितव्या भागापर्यंत पसरला आहे व त्याची कड ठळक आहे कीं विरघळलेली, हेंही पाहावें. पाकळ्या पांच असतात. एखादें फूल सहांचें किंवा चारांचें निघालें तर तेवढ्यावरून नवा वाण कल्पूं नये.

वासाची परीक्षा सर्वांत अवघड. चाफ्याचा सुगंध सायंकाळनंतर अधिक दरवळतो. कारण त्याचें बोलावणें रात्रीं हिंडणाऱ्या मोठ्या पतंगांना असतें. गंमत अशी कीं या फुलांत मध नसतो. पतंग वासाला भुलून फुलाफुलांवर मध शोधीत फिरतात व त्या फेऱ्यांत परागांची नेआण होते. म्हणून वास सायंकाळीं व सकाळीं असा दोनदां घ्यावा, दोन माणसांनीं निरनिराळा घ्यावा व एकमेकांना न सांगतां लिहावा. 'गोड वास' या शब्दांनीं कांहींच कळत नाहीं. लिंबासारखा, मधासारखा, पिकल्या फळासारखा, अशी ओळखीच्या वस्तूशीं तुलना करावी.

आणि सर्वांत मोठा नियम हा कीं पहिल्या बहरावर विश्वास ठेवूं नये. नव्या कांडीचें मूळ अजून अशक्त असतें. तिचीं पहिलीं फुलें लहान, फिकट, कधीं वेडींवांकडींही येतात. पुढेंसुद्धां रंग स्थिर नसतो. ऊन, उष्णता, सावली व फुलाचें वय यांमुळें एकाच झाडाचें फूल निरनिराळें दिसतें. वैशाखांतलें व भाद्रपदांतलें फूल शेजारीं ठेवलें तर तीं एका झाडाचीं आहेत असें अनोळखी माणूस मान्य करणार नाहीं. निदान दोन-तीन हंगाम पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये.

सेलूच्या घरीं हा नियम मोडतां मोडतां राहिला. दुसऱ्या उन्हाळ्यांत तिसऱ्या कांडीला चार फुलें आलीं. लहान, जवळजवळ नुसतीं पांढरीं. आजींनीं एक हातांत घेतलें, वास घेतला आणि खालीं ठेवलें. "हा तो नव्हे. त्याचा गाभा हळदीसारखा होता." पहिली व सहावी कांडी अजून फुलली नव्हती, तेव्हां तींच वाड्याचीं असणार, असें सर्वांनीं धरलें. तिसरी व चवथी शेजाऱ्यांस देऊन टाकावी असें ठरतही आलें. नातवानें वही पुढें केली व आणखी एक वर्ष मागून घेतलें.

चवथी पायरी तुलना. चाफ्याचे नांवें दिलेले वाण जगांत शेंकडों आहेत. त्यांच्या नोंदणीचें काम १९७९ मध्यें अमेरिकेंत स्थापन झालेली प्लुमेरिया सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था करते. पण अशा यादींत छायाचित्र पाहून 'हाच माझा' म्हणणें धोक्याचें. छायाचित्रांत रंग बदलतो, माप कळत नाहीं, वास तर येतच नाहीं. शिवाय आपल्याकडील देवळांतले व वाड्यांतले जुने चाफे कोणीं नांव देऊन नोंदविलेले नाहींत. जें यादींत नाहीं तें यादींत सांपडणार कसें? रोपवाटिकांत विक्रीसाठीं नवीं नांवें देण्याचीही चाल आहे. 'अमक्यासारखा दिसतो' व 'अमकाच आहे' या दोन वाक्यांत जें अंतर आहे, तें ओळख करणारानें कधीं पुसूं नये. आजकाल प्रयोगशाळेंत झाडांच्या आनुवंशिक द्रव्याचीही तुलना करतां येते. पण तिलाही शेजारीं ठेवावयास खात्रीचा नमुना लागतोच.

म्हणून खरा उपाय एकच. जिची उत्पत्ति निश्चित ठाऊक आहे अशी त्याच झाडाची दुसरी फांदी शोधावी व दोन्ही झाडांचीं फुलें एकाच दिवशीं, एकाच वेळीं शेजारीं ठेवावीं. चाफा कांडीनें पसरतो हा गुण येथें कामीं येतो. जुन्या झाडाची एखादी फांदी कोणी लेक सासरीं घेऊन गेलेली असते, कोणी शेजारी मागून नेलेला असतो. पुस्तकें धुंडाळण्यापूर्वीं नात्यागोत्यांत विचारावें.

सेलूच्या घरीं विचारपूस झाली, तेव्हां मानवतला दिलेल्या आत्याबाईंनीं लग्नानंतर वाड्यांतून एक फांदी नेल्याचें निघालें. ती त्यांच्या अंगणांत मोठें झाड होऊन उभी होती, आणि तिच्याबद्दल संशयाला जागा नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यांत नातू एके सकाळीं मानवतहून ओल्या फडक्यांत फुलें घेऊन आला. तोंवर पहिली व सहावी कांडी फुलली होती. फुलें गर्द गुलाबी. तीं परभणीच्या आप्तांचीं ठरलीं. तिसऱ्या व चवथ्या कांडीला या खेपेस भरघोस गुच्छ आले होते. ताटांत दोन्ही घरचीं फुलें मांडलीं. रुंदी सारखी, पाकळीची मुरड सारखी, गाभ्याचा हळदी रंग सारख्याच उंचीवर विरघळलेला, आणि पाठीवर तीच बारीक गुलाबी रेघ. आजींना डोळे मिटावयास सांगून ताट फिरविलें. कोणतें फूल कोठलें तें त्यांना सांगतां येईना. त्या एवढेंच म्हणाल्या, "मग दोन्ही घरचींच कीं रे!"

नातवानें वहींत लिहिलें: 'तिसरी व चवथी: वाड्याचा चाफा. जाति रुब्रा. वाणाचें नांव अज्ञात. मानवतच्या झाडाशीं ताडून पाहिला.' हें वाक्य आदर्श समजावें. जेवढें कळलें तेवढें त्यांत आहे, कळलें तें कशावरून हेंही आहे, आणि जें कळलें नाहीं त्या जागीं बनावट नांव नाहीं. आजी ज्याला हा नव्हे म्हणाल्या होत्या तोच वाड्याचा निघाला. शेजाऱ्याकडे गेला असता तर नांव-गांव हरवून गेला असता आणि घरचे लोक परक्या गुलाबी झाडाला सासूबाईंचा चाफा म्हणून पाणी घालीत बसले असते.

तीन वर्षांचा हा खटाटोप एका चिठ्ठीनें टळला असता. म्हणून कांडी तोडण्यापूर्वींच, झाड उभें असतांना, त्याच्या पानाचें व फुलाचें पुढून-मागून चित्र घ्यावें. तोडतांच कांडीला चकती बांधावी व तिच्यावर कोणाच्या दारचें झाड, कोणतें गांव, कोणती तारीख व फुलाचा रंग एवढ्या चार गोष्टी लिहाव्या. शाई उन्हांत उडते. पत्र्यावर कोरलेलें टिकतें. आणि दुसऱ्याला कांडी देतांना चकतीची नक्कलही द्यावी. झाडाचा वंश कांडीनें चालतो, पण त्याची ओळख माणसांनींच चालवावी लागते.